परतीची रिकामी फेरी

कचेरीत तिला तिच्या नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे तिला ‘रिकामटेकडी’ म्हणत, आणि गंमत अशी की त्या लांबट, एकाच खिडकीच्या खोलीत तिच्याइतके मान मोडून काम करणारे दुसरे कुणी नव्हते. हे नाव पडले ते तिच्या कामावरून. ती विमानांच्या रिकाम्या फेऱ्या विकत असे.

एखादा धनवान माणूस विमान भाड्याने घेतो, दुसऱ्या शहरी उतरतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. विमानाला मात्र मुक्काम परवडत नाही. त्याला आपल्या ठाण्यावर परतावे लागते किंवा पुढच्या गिऱ्हाइकाला आणायला तिसरीकडे धाव घ्यावी लागते. ही मधली फेरी रिकामी. इंधन जळायचे ते जळतेच, वैमानिकांचे पगार थांबत नाहीत. मग त्या सहा-आठ खुर्च्यांवर कुणी बसलेच तर जे मिळेल ते पदरात. एरवी ज्या विमानाच्या पायरीवर पाय ठेवायची आपली ऐपत नाही, त्याच्या कातडी खुर्चीत अशा वेळी साधी माणसे जाऊन बसत आणि ताकाच्या भावात दूध मिळाल्याच्या आनंदात खिडकीतून हात हलवत. अट एवढीच, की ही फेरी मूळ गिऱ्हाइकाच्या मर्जीवर जगते. त्याने बेत बदलला की ती मरते, आणि तिच्याबद्दल तक्रार करता येत नाही.

तिच्या मेजामागच्या भिंतीवर मोठा नकाशा होता. त्यावर बुचाची छोटी विमाने टाचणीने टोचलेली असत. भरलेले विमान सरळ, रिकामे विमान उलटे, अशी पद्धत तिनेच पाडली होती. एखाद्या दिवशी निम्मा नकाशा उलटा झाला की ती खूश होई. नवख्या माणसाला मात्र ती भिंत पाहून जरा कसेसेच होई. पाणी नासल्यावर तळ्यातले मासे पोट वर करून तरंगतात, तसे ते दृश्य दिसे.

पद्धतीसारखाच एक नियमही तिने घालून दिला होता. विमान रिकामे का आहे, हे विचारायचे नाही. खाजगी विमानाने माणसे जातात त्यामागे नाना भानगडी असतात. कुणी आजारी माणसाला पोचवतो, कुणी बायकोला न सांगता जातो, कुणी दिवाळे काढून कायमचा निघतो. विमान कंपन्यांनाही अशी चौकशी आवडत नाही. झाकली मूठ झाकलेलीच बरी. कचेरीत नवा माणूस लागला की ती त्याला पहिल्याच दिवशी सांगे, “आपण खुर्च्या विकतो, कारणं नाही.” हे वाक्य मालकांना इतके आवडले होते, की ते गिऱ्हाइकांसमोर ते स्वतःचे म्हणून वापरत.

धंद्याची ही जाण तिच्या रक्तात होती असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. तिचे वडील उभा जन्म मालट्रक चालवत आले होते. माल पोचवला आणि रिकामी गाडी हाकत घरी आले, असे त्यांनी सहसा केले नाही. दुसऱ्या गावी पोचले की गोदामे, वखारी, बाजार पालथे घालायचे, कुणाच्या लाकडाच्या फळ्या, कुणाची जुनी कपाटे, काही ना काही परतीचे भाडे मिळवायचेच. म्हणून त्यांच्या व्यवसायातली माणसे त्यांना ‘परतीवाले’ म्हणत. “रिकाम्या गाडीचा आवाजच वेगळा,” ते म्हणायचे. “खुळखुळ्यासारखी वाजते. लाज वाटते.”

लहानपणी गल्लीच्या तोंडाशी ती त्यांची वाट पाहत उभी असायची. गाडी वळली की बाबा दार उघडून तिला वर ओढून घेत आणि घरापर्यंतचा तेवढासा रस्ता ती राणीसारखी त्यांच्या शेजारी बसून येई. एकदाच असे झाले, की गाडी आली ती रिकामी. मागचा हौदा मोकळा, ताडपत्री घडी करून कोपऱ्यात बांधलेली. ती नेहमीप्रमाणे पायरीवर चढायला धावली, तर बाबांनी दार आतून धरून ठेवले.

“आज नाही.”

“का?”

“आज नाही म्हटलं ना. तू चालत ये. फुटपाथवरून.”

गाडी माणसाच्या चालीने पुढे गेली आणि ती रडत मागून चालत आली. जेवताना बाबा आईला काहीतरी सांगत होते, ब्रेक धरत नव्हता, म्हणून माल घेतला नाही, जिवावर उदार होऊन एकट्यानेच आणली, असे काहीसे. तिने ते ऐकले नाही असे नाही. पण ती फुगून बसली होती. मुलांच्या आठवणीत अपमान टिकतो, कारण विरून जाते.

आता बाबांच्या छातीचा भाता पार निकामी झाला होता. आयुष्यभर गिळलेली धूळ आणि धूर शेवटी हिशेब मागायला आला, असे ते स्वतःच हसत सांगत, आणि हसता हसता त्यांना धाप लागे. घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना ते मधल्या दाराच्या चौकटीला धरून थांबत, जणू चौकट पक्की आहे की नाही ते पाहत आहेत. फुप्फुसाचे एक ऑपरेशन होते, ते धाकट्या भावाच्या शहरात होणार होते. इस्पितळाने खाट राखून ठेवली होती. प्रश्न पोचवण्याचा होता. रस्ता डोंगरातून जाणारा, वळणावळणांचा आणि लांब. तिथे आगगाडी जात नव्हती आणि रोजचे प्रवासी विमानही उतरत नव्हते. शहराबाहेर छोटी धावपट्टी तेवढी होती.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले, “रस्त्याने नेऊ नका. डोंगरावरची विरळ हवा यांना सोसणार नाही. विमान चालेल. विमानात आतली हवा दाबून ठेवलेली असते, बाहेर कितीही उंच असलं तरी आत फारसं जाणवत नाही. मात्र तेवढं एक सांभाळा, उंची यांना बाधेल.”

त्या दिवसापासून ती भिंतीकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहू लागली. भावाच्या शहराकडे एकही बूच उलटे होत नव्हते. मालक म्हणाले, “रिकामटेकडे, दुसऱ्यांना मिळवून देतेस आणि स्वतःच्या बापाला नाही?” मालकांची थट्टा नेहमी अशीच असे. ती हसली, पण ते तिला लागले. खाट किती दिवस राखून ठेवणार, असे इस्पितळही भावाला विचारू लागले होते.

मग एका सकाळी एका विमान कंपनीच्या ऑपरेशन्सच्या, म्हणजे उड्डाणांची आखणी करणाऱ्या माणसाशी बोलताना तिच्या कानावर सहज आले, की त्यांचे एक छोटे जेट इथे उभे आहे आणि दुपारी घरी जाणार आहे. त्याचे घर, म्हणजे ठाणे, भावाच्याच शहरात होते.

“रिकामं?” तिने विचारले.

“रिकामंच. पण विकायला नाही हं. नुसतंच नेतायत.”

इथे धंद्यातल्या नसलेल्या कुणीही विचारले असते, का बरे? तिने विचारले नाही. ‘विकायला नाही’ याचा तिच्या लेखी एकच अर्थ होता: इतक्या घाईत जाहिरात करायला वेळ नाही, म्हणजे दुसरे गिऱ्हाईक नाही, म्हणजे गळ टाकायला पाणी मोकळे आहे. तिने फोन ठेवला आणि सरळ कॅप्टनला लावला. कॅप्टन जुना ओळखीचा. तिने त्याच्या किती तरी फेऱ्या भरल्या होत्या.

“कॅप्टन, आज घरी चाललात ना?”

“चाललो.”

“रिकामेच?”

“हो.” त्याचा आवाज जरा सावध झाला. “तुम्हाला कळलं वाटतं?”

“मला नाही कळणार तर कुणाला? दोन माणसं घ्याल? माझीच आहेत. आई आणि बाबा.”

पलीकडे क्षणभर नुसता वारा ऐकू आला. तो धावपट्टीवर उभा असावा.

“तुमची स्वतःची?”

“स्वतःची. म्हणून तर तुम्हाला म्हणतेय.”

“बघा हं ताई. तुम्ही सगळं जाणून म्हणत असाल तर मी नाही म्हणणार नाही. आम्ही खालूनच नेणार आहोत. पण जबाबदारी तुमची.”

“माझीच,” ती म्हणाली. तिकीट नाही, विमा नाही, कंपनीला कळवलेले नाही, त्याबद्दल तो बोलतो आहे असे तिला वाटले. ‘खालून’ हा शब्द तिच्या कानावरून निसटून गेला. आणि बाबांच्या छातीबद्दल तिने त्याला सांगितले नाही, कारण सांगितले असते तर त्याने नकार दिला असता, आणि त्याने विचारलेही नव्हते. ती कारण विचारत नव्हती, तो माणसांबद्दल विचारत नव्हता; दोघेही आपापल्या परीने सभ्यपणे वागत होते.

तिने उठून त्या विमानाचे बूच उलटे केले. चष्मेवाला सहकारी मान न उचलता म्हणाला, “लागला बुवा मासा.”

घरी फोन केल्यावर आधी आईने घेतला. आई म्हणाली, “असं अचानक? आणि फुकट? काही खोट तर नाही ना गं?”

“आई, धंदाच असा आहे. बाबांना दे.”

बाबांना धाप लागलेली होती, तरी आवाजात खोडकरपणा होता. “म्हणजे आज परतीचं भाडं मी?”

“हो.”

“वजनावर घेणार की नगावर?”

“नगावर, बाबा.”

“मग बरं. वजनावर तोटाच होता, हाडंच उरलीत.” मग थांबून, दम खाऊन ते म्हणाले, “धंदा माझाच उचललास तू. पण वर नेलास.” बाबांनी तिच्या कामाबद्दल आजवर इतके कधीच म्हटले नव्हते. तिने फोन ठेवला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला ती बराच वेळ खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत राहिली.

टॅक्सी तिने इथूनच पाठवली. स्वतः गेली नाही. धावपट्टीवर विकणाऱ्याने जायचे नसते, हाही तिचाच नियम.

दुपारी आईचा फोन आला तेव्हा ती दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होती. आईचा आवाज रागावलेला होता.

“गेले ते. मला नाही नेलं.”

“नेलं नाही म्हणजे?”

“म्हणजे नेलं नाही! मी पायरीवर पाय ठेवला होता गं. ह्यांनी हात धरून खाली उतरवलं. म्हणाले, तू नको, तू मागून ये. एवढ्या खुर्च्या रिकाम्या आणि मी इथे पिशव्या घेऊन बाकावर बसलेय. डबासुद्धा माझ्याकडेच राहिला. सांग, हा काय तऱ्हेवाईकपणा?”

“का म्हणून विचारलं नाहीस?”

“विचारलं. म्हणाले, आज नाही.”

तिच्या हातातला दुसरा फोन खाली गेला. पलीकडचे गिऱ्हाईक हॅलो हॅलो म्हणत राहिले. तिला ती गल्ली दिसली, तो मोकळा हौदा, ती घडी केलेली ताडपत्री, आणि आतून धरलेले दार. इतकी वर्षे तिला फक्त दार आठवत होते. आता जेवताना कानावर पडलेले ते ब्रेकचे वाक्यही आठवले.

तिने ऑपरेशन्सच्या माणसाला फोन लावला. पंधरा वर्षांच्या नोकरीत जो प्रश्न तिने कुणालाही विचारला नव्हता, तो विचारताना तिला आपलाच आवाज ओळखू येईना.

“ते जेट रिकामं का चाललंय?”

“का म्हणजे? दुरुस्तीला.” तो सहज म्हणाला. “केबिनमध्ये दाब धरत नाही. इथे सुटा भाग मिळत नाही, म्हणून परवानगी काढून वर्कशॉपला नेतायत. नुसते दोन वैमानिक, आणि तेही कमी उंचीवरून. उतारू न्यायची परवानगीच नाही. म्हणून तर म्हटलं, विकायला नाही.”

तिने भिंतीवरच्या त्या उलट्या बुचाकडे पाहिले.

“ताई? विकलं नाहीत ना?”

“मध्ये डोंगर आहेत,” ती म्हणाली.

“आहेत ना. दरीदरीने जातील. ढग नसले म्हणजे झालं.” मग त्याचा सूर बदलला. “ताई, आत कोण आहे?”

तिने सांगितले. तो म्हणाला, “थांबा, मी रेडिओवर बघतो,” आणि फोन तसाच उघडा ठेवून गेला. त्या उघड्या फोनमधून एका अनोळखी खोलीतले आवाज येत राहिले: खुर्ची सरकल्याचा, कुणीतरी काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत असल्याचा, मग एक दार. तो परत आला तेव्हा आधी त्याचा श्वास ऐकू आला. डोंगरांवर ढग होते, त्यांना चढावे लागले होते, आता उतरताहेत, असे तो म्हणाला. वैमानिकांना प्राणवायूचे मुखवटे असतात, असेही म्हणाला, आणि हे कशाला बोललो असे वाटून गप्प झाला.

मालक आपल्या काचेच्या खोलीतून बाहेर आले, “काय झालं?” म्हणाले. चष्मेवाल्याने उठून भिंतीवरचे ते बूच सरळ करून ठेवले. त्याला काय वाटून त्याने तसे केले कोण जाणे. बहुधा त्याच्या हातून दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते.

ती धावपट्टीकडे निघाली. आईला तिथे एकटी ठेवता येत नव्हते, आणि कचेरीत बसता येत नव्हते. गाडी शहराच्या कडेला, गोदामांच्या लांबच लांब भिंतींशेजारून जात असताना कॅप्टनचा फोन आला.

“ताई, आम्ही उतरलो.”

“बाबा?”

“तुमचा भाऊ इथेच आहे. डॉक्टर आलेत.” तो आवाज उतरवून म्हणाला, “चढताना सहवैमानिकाने मागे वळून पाहिलं होतं. खिडकीला डोकं टेकून शांत बसले होते. झोपलेत असं वाटलं आम्हाला. छातीचा आजार आहे हे तुम्ही बोलला नाहीत, ताई.”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“नाही विचारलं,” तो म्हणाला. “पण दाबाचं तुम्हाला माहीत आहे असं मी धरून चाललो. तुम्हीच म्हणालात, मला नाही कळणार तर कुणाला.”

मागून भावाचा आवाज आला. तो कुणावर तरी ओरडत होता. मग ओरडणे थांबले आणि दुसरेच काही सुरू झाले. कॅप्टनने फोन बंद केला नाही, तिनेही केला नाही. गोदामांच्या भिंती संपल्या आणि धावपट्टीचे कुंपण लागले तेव्हा पलीकडून तो आपोआप बंद झाला.

छोट्या इमारतीच्या सावलीत, लोखंडी बाकावर आई बसली होती. दोन्ही पिशव्या पायांशी, डबा मांडीवर. लेकीला पाहताच तिचा राग पुन्हा उफाळून आला, कारण राग काढायला आता समोर माणूस होते.

“बघ कसा वागतो तुझा बाप! कॅप्टन बिचारा आपण होऊन सांगत होता, काका, आत जरा हवा धरत नाही, पण आम्ही खालूनच नेऊ, तुमच्या लेकीला सगळं ठाऊक आहे. हे आपले त्याच्याकडे बघत राहिले. मग हसले. म्हणाले, तिला ठाऊक असणारच, माझी पोर विचारल्याशिवाय कुणाला बसवायची नाही. असं म्हणतात आणि वळून माझाच हात धरून मला खाली उतरवतात! मी म्हटलं, मग तुम्ही तरी कशाला जाता? तर म्हणे, पोरीने शब्द टाकलाय. एक तरी माणूस बसायला हवा, नाहीतर खाली पडेल तिचा.”

ती आईशेजारी बाकावर बसली. समोरची धावपट्टी मोकळी होती. जेट उभे होते तिथे तेलाचा एक काळा डाग तेवढा राहिला होता, आणि त्याच्या कडेला चाकांखाली लावायचे पिवळे ठोकळे कुणीतरी नीट एकावर एक रचून ठेवले होते.

“पोचले का गं?” आईने विचारले.

“विमान पोचलं, आई.”

आईने डब्याचे झाकण दाबून बसवले, ते आधीच घट्ट होते. मग ती हळूच वळली आणि लेकीच्या तोंडाकडे पाहू लागली. धावपट्टीवरून वारा आला आणि कुंपणाची तार कुठेतरी वाजली.

“आणि मी आता कशाने जाऊ?”

“रस्त्याने,” ती म्हणाली. “आपण दोघी रस्त्याने जाऊ.”